अंतरांचा तक्ता

मुरारच्या मागे, खाणीच्या वाटेला,
टेकडीच्या पोटात तोफा ठेवायची जागा आहे.
तोफा नाहीत. जागा आहे.
सीमा इथून कुठल्या कुठे, तरी त्या वर्षी
कुणीतरी नकाशावर बचावाची दुसरी फळी आखली
आणि सहा महिने रात्रीचं सिमेंट उतरत राहिलं.

आता जमीन गृहनिर्माण मंडळाला द्यायची,
म्हणून मोजायला मी.
सोबत हरगोविंद कुशवाह, टॉर्च, टोटल स्टेशन
आणि दोघांचे डबे.

एकेचाळीस पायऱ्या.
खालची थंडी कुणीच न वापरलेली.
वटवाघळांचा उग्र वास, छताला आकड्यांच्या साखळ्या,
कोनाड्यात दाढीचा आरसा, पारा उडालेला;
त्यात टॉर्च दिसला, मी नाही.

तोफेच्या फटीशेजारी भिंतीवर
पांढऱ्या रंगात तक्ता, गजांमध्ये:

सिग्नल ६४०
इमली ११९०
ईंट-भट्ठा १८५०
नाले का पुल २०७५
टंकी २३२०
मंदिर २४६०
लाल खपरैल २१७०

‘साहब, ये तो सब अपने ही ठिकाने हैं,’
हरगोविंद म्हणाला.
हो. शत्रू चिंचेखाली आला तर चिंचेवर मारायचं.
जे वाचवायचं
त्याचंच अंतर आधी मोजून ठेवायचं.

मग मला सात दिसला.
पोटात बारीक गाठ घातलेला सात,
जो जनकगंजातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्यांवर आहे
आणि माझ्या पहिलीच्या पाटीवर होता.

खटावकर पेंटर. माझे बाबा.

त्या डिसेंबरात ते स्कूटरचे दिवे अर्धे काळे करायचे,
खिडक्यांच्या काचा पूर्ण.
नखं इतकी काळी की आई कणकेच्या परातीपाशी येऊ द्यायची नाही.
एकदा जीप आली, तीन दिवसांनी सोडून गेली.
सोबत पत्र्याचा डबा, आत जाड खारी बिस्किटं.
कुठे गेला होतात?
बोर्ड रंगवायला.
कसला?
आकड्यांचा, म्हणाले, आणि ब्रश रॉकेलमध्ये बुडवला.

नाल्यापलीकडच्या माळावर
लाल कौलांचं घर एकच होतं.
भाड्याचं होतं, पण आमचं.

दुपारभर आम्ही मोजलं.
सिग्नल जुळला. चिंच नाही, पण तिचा बुंधा जुळला,
तीन गज इकडेतिकडे.
भट्टी, पूल, टाकी, देऊळ: जुळलं, जुळलं.
कौलांच्या जागी आता मॅरेज गार्डन आहे,
कमानीवर प्लॅस्टिकची द्राक्षं.
हरगोविंदने तिथे प्रिझम धरला.
मी आकडा वाचला. पुन्हा वाचला.
डोळा पुसून पुन्हा.

सत्तावीसशे दहा.

भिंतीवर एकवीसशे सत्तर.
एक आणि सात, जागा बदललेले.
वरून खाली अंतरं वाढत गेलेली
आणि शेवटची ओळ अशी मागे पाऊल घेतलेली.
कुणाच्याच लक्षात आलं नाही?
का वाचायची वेळच आली नाही?

हा माणूस, ज्याने ‘मिठाई’तली एक वेलांटी चुकली म्हणून
अख्खा बोर्ड टर्पेंटाइनने पुसून
पदरच्या रंगाने पुन्हा काढला होता.

एकवीसशे सत्तरवर तेव्हा बाजरीचं मोकळं रान होतं.
मी उभा राहून पाहिलं. अजूनही तिथे काही नाही,
एक म्हैस आणि पाण्याचा पाइप.

त्यांनी कधी सांगितलं नाही.
मी विचारलं असतं, तर म्हणाले असते, चूक झाली असेल,
वय नव्हतं तरी म्हणाले असते.
आणि मला आजही ठरवता येत नाही.
माळावर आणखी घरं होती, कौलं नसलेली,
त्यांची नावं तक्त्यात नव्हती.

फॉर्ममध्ये रकाना आहे: जुन्या नोंदींशी तफावत.
हरगोविंद पेन घेऊन थांबला.
‘क्या लिखूँ साहब?’
फटीतून उन्हाची एक चीप
सातव्या ओळीपर्यंत आली होती.

लिही, म्हटलं. सात नोंदी. तपासल्या.
जुळतात.